मालाच्या लिफ्टमधली अक्का

बोलणं सुरू करायच्या आधी अक्का तोंडात सुक्या खोबऱ्याचा तुकडा टाकायची. चांगला जाड, गालाला फुगवटा येईल एवढा. मग समोरच्या बाईकडे बघून हाताने खूण करायची, बोल. खोबरं चावून गिळून होईपर्यंत स्वतः एक शब्द बोलायची नाही. नवीन बायकांना वाटायचं, ही सकाळपासून उपाशी आहे की काय. मलाही वाटलं होतं. पुढे एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "माझं तोंड वाईट आहे गे. मोकळं सोडलं की मधे पडतं. दुसऱ्याचं अर्धं ऐकतं आणि उरलेलं आपणच बोलतं. म्हणून त्याला काम लावून ठेवते."

बेंगळूरजवळच्या पीण्यातल्या एका शर्टांच्या कारखान्यात ती आमच्या मजल्याची सुपरवायझर होती. शर्ट परदेशी जायचे. कुणी नुसती कॉलर शिवायची, कुणी कफ, कुणी बाही. अख्खा शर्ट आमच्यातल्या एकीनेही कधी शिवला नाही. सगळ्या बायका तिला अक्का म्हणायच्या, तोंडावर तुम्ही आणि आपसात ती. कमरेला दोरीने बांधलेली कात्री, मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला फिरवलेली. "तुम्हाला माझं घड्याळ दिसलं की तुमचे हात घाबरतात," म्हणायची. "घाबरलेल्या हाताची शिवण मला उसवायला लागते."

दर आठवड्याला लाइनमधल्या प्रत्येक बाईशी एकटीशी बोलायचं, हा तिचा नेम. प्रत्येकीचा वार ठरलेला. माझा गुरुवार. आपल्या वारी ती मागून यायची आणि मशीनच्या चाकावर तळवा ठेवायची. मशीन थांबायचं. जागेवर दुसरी कुणी बसायची, नाहीतर परत आल्यावर अक्का स्वतः बसून आपले राहिलेले पीस भरून काढायची. आणि मग आपण तिच्यामागून चालत मालाच्या लिफ्टकडे.

कारखान्यात शांत अशी तेवढीच जागा होती. ऑफिसात मॅनेजर, जिन्यात वॉचमन, संडासाबाहेर कायम रांग. ही लिफ्ट म्हणजे लोखंडी पिंजराच, ओढायच्या जाळीच्या दाराचा. खालून कापडाचे गठ्ठे वर यायचे, वरून शर्टांचे खोके खाली जायचे. आत कानडीत मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. मला कानडी वाचता येत नव्हतं. शेजारच्या मशीनवरच्या गिरिजाने नंतर सांगितलं, "ए मराठी, तिथं लिहिलंय, माणसांनी चढू नये." गिरिजा मला कायम 'ए मराठी' म्हणायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण मी डबा आणला नाही की न विचारता अर्धी मुद्दे, नाचणीचा उकडलेला गोळा, माझ्यापुढे सरकवायची तीच.

मॅनेजरला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, ये लिफ्ट माल के लिए है."

"माल ही तो है, साहेब," अक्का म्हणाली. "आप के हिसाब में ये लोग और क्या है?"

तो हसला. त्याला वाटलं, विनोद केला. अक्का हसली नव्हती.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे आली की ती खटका दाबून थांबवायची. वरचा मजला दिसत नाही, खालचा दिसत नाही, समोर नुसती विटांची भिंत. मग तिचे तीन प्रश्न. यंत्राचं काय? घरचं काय? आणि माझं काय चुकलं? याच क्रमाने. पहिली दोन उत्तरं सगळ्या द्यायच्या. तिसऱ्याला सगळ्यांचीच दातखीळ बसायची. वरच्या माणसाला त्याची चूक कोण सांगणार? पहिल्या खेपेला मी म्हणाले, "काही नाही अक्का, तुम्ही देवमाणूस."

"देवाला लिफ्ट लागत नाही," ती म्हणाली. "मी थांबते. तू आठव."

ती खरंच थांबली. लिफ्ट हलेना. खालून कुणीतरी गठ्ठ्यासाठी जाळी बडवायला लागलं. शेवटी तोंडातून जे निघालं ते असं, "तुम्ही समोर खोबरं खाता, आणि मला भूक लागते." मी सकाळी उपाशी यायची ते ओठावर आलं. सांगून झाल्यावर वाटलं, संपलं, आता घरी पाठवणार. अक्काने कमरेची पिशवी उघडली आणि एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. "सरी," म्हणाली. "बरोबर आहे तुझं." तेव्हापासून माझ्या वारी आम्ही दोघी चावायचो. त्यामुळे मला बोलायला उशीर व्हायचा, पण तिला घाई नसायची.

ती नुसतं ऐकून सोडत नसे. गिरिजाने तिला सांगितलं होतं, "तुम्ही आमची नावं मजलाभर ओरडता. कुणाचे पीस परत आले ते संध्याकाळपर्यंत वॉचमनच्या बायकोलाही कळतं." त्यानंतर अक्काने ओरडणं टाकलं. जवळ यायची, रिकाम्या बॉबिनने टेबलावर टकटक करायची आणि कानाशी वाकून सांगायची. एवढ्या मशीनच्या गोंगाटात वाकून वाकून तिची कंबर धरायची. पण बदललं ते बदललंच.

आणि वार चुकवायची नाही. एकदा परदेशातलं गिऱ्हाईक माल बघायला आलं होतं. मजला धुतलेला, आम्हाला नवे एप्रन दिलेले, मॅनेजर टायबीय लावून अक्काला शोधतोय, आणि अक्का दोरे कापणाऱ्या एका म्हातारीला घेऊन लिफ्टमध्ये. वर आली तेव्हा तो गोरा माणूस हात मागे बांधून उभा होता. मॅनेजरचा चेहरा काळानिळा. अक्का सरळ म्हणाली, "आज हिचा वार होता, साहेब. तुमचा नव्हता." नंतर तिला ऑफिसात बोलावून काय काय ऐकवलं असेल ते असेल. पुढच्या आठवड्यात म्हातारी आपल्या वारी पुन्हा लिफ्टमध्ये.

मी आटपाडीकडची. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर जातात. ज्या शहरात सराफ, तिथे आमच्या गावाचा कुणीतरी भट्टीपुढे बसलेला. माझी शाळा सातवीत सुटली, आई अंथरुणाला खिळली तेव्हा. पुढे लग्न झालं आणि मी नवऱ्याबरोबर बेंगळूरला आले. ते नगरथपेठेत एका गाळणीच्या दुकानात होते. एक खोली, त्यात भट्टी, अॅसिडचा पिवळा धूर आणि वर एवढीशी खिडकी. खोकला त्यांना आधीपासून होता, की धुराने आला, की गावाहून आणला, कुणास ठाऊक. पुढे छातीचं दुखणं निघालं. गोळ्या सुरू झाल्या, बरं वाटायला लागलं, गोळ्या सुटल्या. मग दुकानदाराने त्यांना गावी पाठवलं. मी इथेच राहिले, कारण घरात पैसा पाठवणारी दुसरी कुणी नव्हती. जोंधळ्याची कणसं भरली त्या सुमाराला ते गेले. दिवसपाणी उरकून मी परत आले, तेव्हा माझं मशीन जागेवर होतं आणि खुर्चीवर माझाच एप्रन घडी करून ठेवलेला होता. कुणी ठेवला ते विचारायची गरज नव्हती.

मुळात कारखान्यात मी राहिले तीच अक्कामुळे. लाइनमध्ये सगळा कारभार कानडीत. पहिले दिवस माझी गुजराण 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्यावर. पहिल्याच दिवशी मी चुकून सगळ्या बाह्या उलट्या लावल्या आणि रडायला लागले, तेव्हा मागून आवाज आला, "रडू नको की गे. उसवायला शिकवते, ते आधी शिकावं." परक्या गावात आपल्या बोलीतलं वाक्य असं मागून येऊन खांद्यावर पडलं. मी विचारलं, तुम्ही आमच्याकडच्या? "आम्ही इथलेच," ती म्हणाली. "शेकडो वर्षांपूर्वी कुठल्या तरी फौजेबरोबर आलो, परत जायचं राहून गेलं." बळेपेठेत तिचं घर होतं. लग्न केलं नव्हतं. का, ते लिफ्टमध्ये कुणी विचारलं नाही, कारण प्रश्न तिचे असायचे.

तिचा एक कायदा होता. लिफ्टमधलं लिफ्टमध्ये. तिथे सांगितलेलं जाळीबाहेर जायचं नाही.

तो तिने कसा पाळला ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. एका हंगामात तयार शर्ट चोरीला जायला लागले. मॅनेजरला कुणीतरी सांगितलं की ज्या बाईने नेले तिने अक्काजवळ कबूल केलंय. त्याने अक्काला मजल्याच्या मधोमध उभं केलं. "नाव सांगा." अक्काने पिशवीतून खोबऱ्याचा तुकडा काढला, तोंडात टाकला आणि चावत उभी राहिली. मॅनेजर बोलत राहिला, ती चावत राहिली. आम्ही माना खाली घालून पाय पेडलवर ठेवून बसलो होतो; हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. त्या वर्षी तिची पगारवाढ अडली, तिला हंगामभर गोदामात बसवलं. पण शर्ट दोन-चार दिवसांत चेकिंगच्या टेबलाखाली गठ्ठा करून ठेवलेले सापडले, आणि नाव कुणालाही कळलं नाही. आजतागायत नाही.

त्यानंतर बायका तिला काहीही सांगायला लागल्या. नवरा मारतो, दीर अंगचटीला येतो, पाळणा लांबवायचाय, पाळणा हलत नाही, दागिना सासूने दडवलाय. गिरिजानेही काहीतरी सांगितलं होतं. मोठं असावं, कारण त्या दिवशी ती वर आली तेव्हा डोळे लाल होते आणि संध्याकाळपर्यंत तिने मला एकदाही 'ए मराठी' म्हटलं नाही. अक्का ज्या त्या गोष्टीवर आपल्या पद्धतीने काही ना काही करायची. दिवस गेलेल्या बाईला उभ्याच्या इस्त्रीवरून उठवून बसायच्या कामाला लावायची, आणि कारण सांगायची ते भलतंच, "हिचा हात इस्त्रीला जड आहे." कारखान्यात दिवस राहिलेल्या बाईला टिकू देत नसत, म्हणून.

माझ्या नवऱ्याचं दुखणं मी तिला लिफ्टमध्येच सांगितलं होतं. "कुणाला कळलं तर मला काढतील, अक्का." ती खोबरं चावत होती. मान हलवली. ते कुणाला कळलं नाही.

ते गेले त्यानंतरच्या थंडीत मला खोकला लागला. कापसाच्या तुसाने मजल्यावर सगळ्याच खोकायच्या, त्यात माझा खपून गेला. संध्याकाळी अंग कढत व्हायचं. एप्रनच्या पट्ट्या मागे जास्त ओढून बांधायला लागायच्या. एका गुरुवारी मी अक्काला सांगितलं, रुमालात लाल पडलं.

तिने चावणं थांबवलं. मग पुन्हा सुरू केलं. गिळून झाल्यावर म्हणाली, "दवाखान्यात जा. उद्याच."

"हो," मी म्हणाले.

मी गेले नाही. दवाखान्यात गेलं की विचारतात, कुठे काम करता. काम गेलं की खोली जाते. खोली गेली की परत गावी, सासूच्या दारात, जिथे मुलगा गमावलेली बाई मला बघून तोंड फिरवत होती. पुढच्या गुरुवारी अक्काने विचारलं, मी म्हणाले रांग मोठी होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणाले, डॉक्टर नव्हते.

मग एक गुरुवार आला. तिने लिफ्ट मधे थांबवली आणि पिशवीला हात लावला नाही.

"आज माझं तोंड मोकळं आहे," ती म्हणाली. "नवऱ्याचं काय झालं ते तू बघितलंस ना?"

"अक्का, बरं होईल. काढा घेतेय."

"कामावर आहेस तोवर तू जाणार नाहीस. मी मॅनेजरला सांगणार. तो तुला काढून दवाखान्यात पाठवेल, किंवा नुसतं काढेल. नुसतं काढलं तर मी नेते."

मी खाली बसले, त्या तेलकट पत्र्यावर, आणि तिचे पाय धरले. "सांगू नका. तुमचाच कायदा आहे. आयुष्यभर उपकार मानीन, सांगू नका." मी रडत होते आणि रडता रडता खोकत होते. तिने मला उठवलं नाही. वरूनच म्हणाली, "सरी."

मी ते 'सरी' पदरात घेऊन वर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरने मला बोलावलं. अक्का त्याच्या टेबलाशेजारी उभी. त्याने रुमाल नाकाला लावला होता, त्यावरूनच कळलं. तो बोलत होता ते मी ऐकलं नाही. मी अक्काकडे बघत होते. ती माझ्याकडे सरळ बघत होती, मान खाली न घालता. मी एप्रन काढायला मजल्यावर गेले तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती. माझ्या मशीनवर कुणीतरी फिनेल ओतत होतं. डब्यांच्या फळीवर माझा डबा एका टोकाला आणि बाकीचे सगळे दुसऱ्या टोकाला. गिरिजा तेवढी जवळ आली. पण ती माझ्याशी बोलायला आली नव्हती. ती माझ्या मागे उभ्या असलेल्या अक्काला म्हणाली, "हिचं सांगितलंत. उद्या माझं सांगाल."

अक्काने माझा हात धरला आणि मला जिन्याकडे नेलं.

तिने मला रिक्षात घालून छातीच्या दवाखान्यात नेलं. रांगेत ती उभी राहिली, मी भिंतीला टेकून बसले. फोटो काढला, थुंकी तपासली, जे होतं ते निघालं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर आम्ही काही करू शकलो नसतो. गोळ्यांना फार महिने लागतील, एकही चुकवायची नाही. परतताना मी तिला म्हणाले, "तुम्ही माझा गळा कापला." ती म्हणाली, "हो." आणि रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितलं.

मॅनेजरशी ती भांडली, हे मला पुढे कळलं. माझी जागा राखायची, नाहीतर ती जाणार. माल पाठवायचा हंगाम तोंडावर होता, अक्का गेली असती तर लाइन बसली असती. त्याने जागा राखली. मला मात्र तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मी लग्गेरे भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते आणि मनातल्या मनात तिला शिव्या देत होते.

गुरुवारी संध्याकाळी दारात सावली पडली. अक्का. हातात नाचणीच्या आंबलीचा डबा. तिने खिडकी सताड उघडली, डबा ठेवला, उंबऱ्यावर बसली आणि पिशवीतून खोबऱ्याचा तुकडा काढून तोंडात टाकला. मग थांबली.

तिचं चावणं तेवढं ऐकू येत होतं. संपलं तशी ती उठली, गोळ्यांच्या पुड्या मोजल्या आणि गेली. पुढच्या गुरुवारी परत आली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. घरमालकीण विचारायची, "ही कोण, येते आणि नुसती खात बसते?" मी भिंतीकडेच बघत असायची. एकदा पाऊस फार होता, बस बंद होत्या, मला वाटलं आज सुटले. ती गुडघ्यापर्यंत चिखलात भिजून आली. उंबऱ्यावर बसली. त्या दिवशी माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "तुमचं चुकलं."

तिचं तोंड भरलेलं होतं. तिने मान हलवली. आणखी सांग, अशी हाताने खूण केली.

मी सांगितलं. किती वेळ, माहीत नाही. नवऱ्यापासून सुरू केलं ते अक्कापर्यंत आले आणि परत नवऱ्यापर्यंत गेले. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी आंबलीत मीठ जास्त घालू की एवढंच बरं?"

मी बरी झाले. डॉक्टरांनी कागद दिला आणि मी कामावर परत गेले.

मजला तोच होता, पण लिफ्ट बदलली होती. म्हणजे लिफ्ट तीच. अक्का अजूनही चाकावर तळवा ठेवायची, बाई अजूनही तिच्या मागून जायची. पण लिफ्ट खाली जायची आणि लगेच वर यायची. मी गिरिजाला विचारलं, काय बोलता?

"यंत्र बरं आहे, घर बरं आहे, तुमचं काही चुकलं नाही," गिरिजा म्हणाली. "मग ती खोबरं चावते, आम्ही भिंत बघतो. संपलं की वर."

"तिने मला वाचवलं, गिरिजा."

"वाचलीस, बरं झालं. देवाला नारळ फोड. पण माझं तिला कळून माझा जीव वाचायचा नाही, ए मराठी. बाहेर फुटलं तर उलट जाईल."

सगळ्यांचं असंच झालं होतं. त्या पावसाळ्यात कॉलरच्या मशीनवरची हेमा, नवीन लग्न झालेली पोर, कामावरच बसल्या जागी रक्ताने भिजली. तिला चौथा महिना होता. उभ्याच्या इस्त्रीवर तिने त्याआधीचा पूर्ण आठवडा काढला होता, इस्त्रीवाली कुणी आली नव्हती म्हणून. तिला दिवस गेलेत हे अक्काला ठाऊक नव्हतं. हेमाने दर आठवड्याला लिफ्टमध्ये तिला सांगितलं होतं, घर बरं आहे. हेमाला रिक्षात घालून पाठवल्यावर अक्काने कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः बादली आणून फरशी पुसली. पुसून झालेली जागा ती परत परत पुसत होती. मूल राहिलं नाही. हेमा परत आलीच नाही.

तेव्हा माझ्या मनाने घेतलं की हे मीच मिटवायला हवं.

आम्ही मागच्या जिन्यात जेवायचो. एका दुपारी सगळ्या बसल्या असताना मी माझ्या मोडक्या कानडीत म्हणाले, "अक्काने आपण होऊन सांगितलं नव्हतं. मीच तिला म्हणाले होते, तुम्ही सांगा. मला मॅनेजरसमोर जायची भीती वाटत होती, म्हणून. तिने कायदा मोडला नाही."

गिरिजाचा घास हातात राहिला. "खरं?"

"आईशपथ."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दोरे कापणारी म्हातारी म्हणाली, "बघा, मी म्हणत नव्हते?" मला वाटलं, झालं. आणि तेवढ्यात वरच्या पायरीवरून आवाज आला.

"नाही."

अक्का हात धुऊन येत होती. सगळ्यांना कळावं म्हणून ती कानडीत बोलली. "हिने माझे पाय धरले होते. सांगू नका म्हणाली होती. मी सरी म्हटलं, आणि दुसऱ्या सकाळी सांगितलं."

गिरिजाने हातातला घास डब्यात परत ठेवला.

"कुणाच्या जिवावर आलं तर मी परत सांगीन," अक्का म्हणाली. "त्याशिवाय काही बाहेर जाणार नाही. पण तेवढं जाईल. हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. विचारते तेव्हा तुम्ही कुणी माझी चूक सांगत नाही, म्हणून मीच सांगते. एवढं माझं चुकलं."

ती खाली निघून गेली. गिरिजाने माझ्याकडे बघितलं, पण शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

गुरुवारी लिफ्टमध्ये मी तिच्यावर चिडले. "मी सगळं जुळवून आणलं होतं. म्हातारी तर लगेच मानली. सगळ्या परत आल्या असत्या."

तिने चावून पूर्ण केलं. "आल्या असत्या," म्हणाली. "पण त्या माझ्याकडे नसत्या आल्या. तू सांगितलेल्या बाईकडे आल्या असत्या. ती इथे नाही."

शनिवार गिरिजाचा वार. अक्काने चाकावर तळवा ठेवला. गिरिजा उठली, पदर खोचला आणि गेली. लिफ्ट खाली उतरल्याचा आवाज आला. आम्ही शिवत होतो, पण पेडलवरचे पाय हलके झाले होते, ऐकू यावं म्हणून. लिफ्ट वर आली, नेहमीपेक्षा किंचित उशिरा. गिरिजा जागेवर येऊन बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली. मी तिच्याकडे बघितलं.

"यंत्राचं सांगितलं," ती म्हणाली. "बॉबिन अडकते ते. घरचं नाही."

घरचं तिने पुढेही कधी सांगितलं नाही. कुणीच नाही. अक्का त्या कारखान्यात होती तोवर तिन्ही प्रश्न त्याच क्रमाने विचारत राहिली. पहिल्याचं उत्तर मिळायचं, दुसऱ्याला सगळं बरं आहे, तिसऱ्याला काही नाही. आमच्या मजल्यावरची यंत्रं सबंध पीण्यात सगळ्यांत चांगली चालायची. गुरुवारी मात्र एकदा लिफ्ट मधेच अडकल्यासारखी थांबायची, आणि खालून गठ्ठ्यासाठी जाळी बडवली जायची. मी बोलत असायची. सांगायचं संपलं तरी आणखी काहीतरी काढायची.